सावलीतला रिकामा कोपरा

पिंपळवंडी,
५ जून १९९४

प्रिय गेणभाऊ,

तळेघरची शाळा सोडून मला एकवीस वर्षं झाली, पण अजून दहा वाजले की कान रुळाच्या तुकड्यावर पडणाऱ्या तुझ्या हातोडीची वाट बघतात. तू शाळेचा शिपाई. घंटा देऊन झाली की मागच्या भिंतीला टेकून बसायचास आणि पोरांबरोबर अक्षरं गिरवायचास. तेव्हा तू सव्वीस वर्षांचा बाप्या होतास. पत्र्यावर पाऊस कोसळायचा, मी कविता चालीवर म्हणायचो, आणि शेवटची ओळ तू मागून उचलायचास. तो आवाज मला इथं देशावर पुन्हा कुठं मिळाला नाही.

आता कामाचं. निवृत्तीनंतर घर दुरुस्त करून घेतलं. मागे दोन जुने आंबे आणि एक जांभूळ, तिघांनी मिळून सगळं परसू झाकलंय. तिथं ऊन येत नाही आणि गवतही धड येत नाही. शेजारी म्हणतात, "गुरुजी, हितं कांद्याचं रोपसुदिक धरायचं न्हाई." मी म्हटलं, मला कांदा लावायचाच नाही. मला बाग करायचीय, सावलीतली.

कारण साळुबाई. मी बदल्यांच्या गावी कविता शिकवत हिंडलो आणि तिनं तीस वर्षं एकटीनं उन्हात शेत केलं. आता डॉक्टर म्हणतात, बाईंना ऊन सोसायचं नाही. तेव्हा तिच्यासाठी आंब्याखाली एक दगडी बाक टाकलाय. तिथं बसून तिला बारा महिने काहीतरी नवं दिसावं, एवढीच हौस. एक ऋतू उठला की दुसऱ्यानं तिथं येऊन बसावं. दोन ओळीही जुळवल्यात:

सावलीच्या या घरी हो, ऋतू येती पाहुणे
एक जाता दुजा येई, रिते न राही अंगणे

भीमाशंकरच्या रानात सावलीत काय काय फुलतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मला सांग, आणि जमेल तसं पाठव. पत्र सविस्तर लिही. आलेलं पत्र मी एका दमात संपवत नाही. एक पान त्या दिवशी, दुसरं दुसऱ्या दिवशीच्या चहाला. साळुबाई हसते, "पत्र हाय का बासुंदी?"

तुझा,
चांगदेव गुरुजी


तळेघर,
२३ जून १९९४

गुरुजी,

तळेघरचा रामराम घ्या. तुमचं पत्र म्या दोनदा वाचलं, एकदा मनात आन एकदा मोठ्यानं, घरातल्यांला. म्या बोलतो तसंच लिवतो, हसू नका. शुद्धलेखन तुमी शिकवलं व्हतं पन ते पावसात धुवून गेलं.

बाग करायची म्हंजी आदी झाडलोट बंद करा. आंब्याचा पाला तिथंच पडू द्या. सावलीतल्या झाडाला पाला हेच जेवान. आन घाई करू नका. उन्हातलं झाड पोरावानी पळतं, सावलीतलं म्हाताऱ्यावानी बसून बसून वाढतं.

शौकतभाई कंडक्टरच्या हाती गोणपाट पाठवतोय. आमच्या गाडीवर असतो, मानूस लई चांगला, तुमच्या फाट्यावर उतरवून देईल. त्यात भुईचाफा हाय, तो वळवाच्या आदी नुसत्या भुईतून फूल काढतो, पान नंतर. सापकांदा हाय, पैल्या पावसात फणा काढून हुबा ऱ्हातो, वैनींना सांगून ठेवा न्हाईतर काठी घेत्याल. रानहळद श्रावनात. सोनटक्का भादव्यापून दसऱ्यापोत्तर, त्याचा वास तुमच्या कवितेवानी, घरभर हिंडतो. मोकळ्या जागी नेचं लावा. थंडीला अबोली आन कोरांटी, ती तुमच्याकडंच मिळंल. आन आंब्याच्या बुंध्याला काथ्यानं सीतेची वेणी बांधा, वैशाखात बघा काय लोंबतंय ते.

आमच्या शाळंला आता नवी घंटा आलीय. रूळ म्या घरी आनून ठेवलाय.

गेणू


पिंपळवंडी,
१० ऑक्टोबर १९९५

प्रिय गेणभाऊ,

तुझ्या या नव्या पत्राचं पहिलं पान काल वाचलं, दुसरं आत्ता. म्हणून उत्तर आज.

बाग धरली. पहिल्या वर्षी मी रोज जाऊन माती बघायचो आणि साळुबाई मला बघायची. या वर्षी मे महिन्यात नुसत्या कोरड्या मातीतून भुईचाफा वर आला, जांभळट पांढरा, पानाचा पत्ता नाही. तिनं हाक मारली, "अवो, मातीला फूल आलंय." गेणभाऊ, मी आयुष्यभर कविता शिकवल्या, असं वाक्य मला कधी सुचलं नाही.

सापकांद्याला तिनं काठी घेतलीच. रानहळद, सोनटक्का, सगळे आपापल्या पाळीनं हजर झाले. दुपारी ती बाकावर बसते, तांदूळ निवडते आणि कुणी आलं की मालकिणीच्या तोऱ्यात सांगते, "ह्ये आमच्या तळेघरच्या भाऊनं धाडलंय." परवा तिचा भाऊ चिमाजी माहेराहून, आणे गावाहून आला होता. तो म्हणाला, "दाजी, एवढ्यात भाजीचे चार वाफं झालं असतं." तिनं त्याला बाकावर बसूच दिलं नाही.

एकच कोपरा रिकामा आहे. जांभळाच्या पलीकडे, जिथं दुपारी तळहाताएवढा कवडसा पडतो. तिथं तिला गौरीचे हात हवेत, म्हणजे तुमची कळलावी. लहानपणी आण्याच्या पठारावर ती गौरीसाठी ते लाल-पिवळं फूल आणायला जायची. मीही ते फूल पाहिलंय, वेल कसा लावतात ते मात्र ठाऊक नाही. पुढच्या पावसाळ्याआधी जमलं तर बघ.

चांगदेव गुरुजी


तळेघर,
१४ फेब्रुवारी १९९६

गुरुजी,

रामराम. तेरवा शिवरात. दर सालापरमानं देवळाच्या पायरीवर बसून मी लोकांला कंद वाटनार. रखमाजी सरपंच पैला कंद माझ्या हातून घेतो मग उपास सोडतो, आसा नेम हाय. आमच्या आज्यापून चालत आलंय. ज्याला रान कळतं त्यानं वाटायचं.

तर म्हटलं, आवंदा गुरुजींला आन वैनींला का न्हाई. म्हनून शौकतभाईच्या हाती ही पिशवी. पिशवीच्या तोंडालाच पत्र बांधलंय म्हंजी हरवायचं न्हाई. आतले कंद धुवून, मीठ घालून उकडा, सालं काढून खावा. उपासाला चालतात. रताळ्यापरीस गोड लागतात. वैनींना म्हनावं, शिवरातीला तळेघरच्या भाऊची आठवन काढा.

थंडी लई पडली. नात वृषाली आता सात वर्साची झाली. माझ्यामागं रानात येती आन हर पाल्याला नाव इच्यारती. म्या सांगतो, ती इसरत न्हाई. माझ्यामागं ती पायरीवर बसंल आसं वाटतंय. सून म्हनती, केसात समद्या काटक्या, पोरगी हाय का सरपन.


पिंपळवंडी,
६ एप्रिल १९९६

गेणभाऊ,

साळुबाई गेली. शिवरात्रीला तू पाठवलेले कंद तिनं उकडून खाल्ले. मला उपास नसतो, मी खाल्ले नव्हते. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी दवाखान्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, कळलावीचा कंद पोटात गेलाय.

पिशवीत दोन तऱ्हेचे कंद होते, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. पत्राचं एकच पान होतं. त्यात तू उकडून खा असं लिहिलंस. चिमाजीनं ते पान वाचलं. ठाण्यातून जमादार आला होता, त्यानंही वाचलं आणि माझा जबाब घेतला. तुझ्याकडेही कुणी येऊन गेलं असेल.

मी तुला दोष देत नाही. माणसाच्या हातून राहून जातं.

चांगदेव


तळेघर,
१९ एप्रिल १९९६

गुरुजी,

काय लिवू. जमादार येऊन गेला तवा कळलं. तवापून जेवान ग्वाड लागत न्हाई.

म्या दोन पानं लिवली व्हती, गुरुजी. देवाशप्पत दोन लिवली. दुसऱ्या पानावर समदं सवतं करून लिवलं व्हतं. जमादाराला तेच सांगितलं. तो म्हनला, दाव मग दुसरं पान. आता पान दिलं तुमाला, ते मी कुठनं दावू. घर धुंडाळलं. भाताची कनगी रिकामी करून बघितली, म्हटलं सोताच इसरून ऱ्हायलं आसंल. न्हाई घावलं.

मग शौकतभाईला धरला. भर गाडीत बोललो त्याला. त्यानं टोपी काढून हातात घेतली, म्हनला, "गेणभाऊ, तुझी गाठ तुझ्या हातची. मी सोडली न्हाई, कुणाला सोडू दिली न्हाई." त्या दिसापून तो माझ्याशी बोलत न्हाई. तिकीट देतो, बोलत न्हाई.

गावात समद्यांना कळलंय. कोन काय म्हनत न्हाई. नुसतं माझ्या हाताकडं बघत्यात.

वैनी मला भाऊ म्हनायच्या. दोन साल झालं, त्यांचं तोंडबी पायलं न्हाई मी.

गेणू


पिंपळवंडी,
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय गेणभाऊ,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला पाच महिने लावले. हात चालत नव्हता.

घर फार मोठं वाटतं. संध्याकाळी मी तिच्या बाकावर बसतो. सोनटक्का यंदाही फुलला, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याचा वास घरात येतो, स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि तिथं कुणी नसतं म्हणून परत येतो. दोन ओळी सुचल्या होत्या, पण लिहिल्या नाहीत.

तुझ्या पिशवीतले तीन कंद उरले होते. ते मी त्या रिकाम्या कोपऱ्यात लावले, आडवे, बोटभर खोल, काठीचा आधार देऊन. भाद्रपदात फुलले. तिला हवे होते ते गौरीचे हात. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर उठलेल्या. बाग आता बारा महिने पुरी झाली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला केव्हाच क्षमा केली आहे. झालं ते नशिबाचं. शौकतभाईवरही राग धरू नकोस, पान वाऱ्यानं उडालं असेल.

चांगदेव गुरुजी


तळेघर,
२ नोव्हेंबर १९९६

गुरुजी,

पत्र मिळालं. कंद आडवं लावलं म्हनता. बोटभर खोल. बरं केलं. तसंच लावत्यात.

शौकतभाईची माफी मागितली. कशापायी मागतो ते त्याला सांगता आलं न्हाई.

तुमी आनखी काय लिवनार आसाल तर लिवा. मी वाट बघतो.

गेणू


तळेघर,
८ डिसेंबर २००२

गुरुजी,

सहा साल तुमचं पत्र न्हाई, माझं न्हाई. म्हटलं एक डाव लिवावं. आता माझं बी साठीकडं चाललंय.

वैनी गेल्या त्याच्या म्होरल्या शिवरातीला मी पायरीवर कंद घेऊन बसलो व्हतो. रखमाजी आला, बघितलं आन म्हनला, "गेणभाऊ, आवंदा उपास तसाच सोडतो. पोट बरं न्हाई." त्याच्यामागं समदी रांग तशीच गेली. कुनी वंगाळ बोललं न्हाई, येवढं खरं. बसलो व्हतो सांजंपोत्तर. मग तो झोळा घरी आनून गुरापुढं टाकाया निघालो तर सून म्हनली, "मामा, गुरांला नगा." तवापून खनलं न्हाई. घरात मी पाला जरी आनला तरी ती चुलीपशी ठेवू देत न्हाई. तिचं काय चुकलं.

वृषाली तेरा वर्साची झाली. मागं लागती, आज्या रान दाव. मी तिला दावत न्हाई. म्या दावलं आन उद्या तिच्या हाताकडं लोकं बघाया लागली तर. ती रडली परवा. म्हनली, "आज्या, खरंच तू त्या बाईला मारलं का?"

येवढंच इच्यारायला लिवलं. पोरीला काय सांगू?

गेणू


पिंपळवंडी,
१६ फेब्रुवारी २००३

गेणभाऊ,

तुझं पत्र या वेळी मी एका दमात वाचलं. एकच पान होतं. त्यातल्या शेवटच्या ओळीनंतर दोन महिने मला झोप नाही. पोरीला काय सांगायचं ते मी लिहितो. तिला हे वाचायला दे.

दुसरं पान होतं. पिशवीच्या तोंडाला दोन्ही पानं एकत्र दुमडून बांधलेली होती, गाठ तशीच होती. शौकतभाई खरं बोलला. तू खरं बोललास. खोटं फक्त मी बोललो.

शिवरात्रीच्या सकाळी पिशवी आली. मी बाकावर बसून पहिलं पान वाचलं आणि दुसरं, माझ्या त्या शिरस्त्याप्रमाणे, दुसऱ्या दिवशीच्या चहाला म्हणून वहीत ठेवलं. पिशवी तिच्या हातात दिली, "गेणभाऊनं कंद पाठवलेत, उकड." तिनं चटईवर ओतली. काही गोल होते, सुटे. काही वाकडे, आणि ते लाल चिंधीत बांधलेले. ती चिंधी सोडताना थबकली. म्हणाली, "ह्ये लाल फडक्यातलं येगळं का बांधलं आसंल? देवाच्या नावाचं आसंल का? पत्रात काय लिवलंय बघा की."

तिनं विचारलं, गेणभाऊ. बघा की, म्हणाली.

मी त्या वेळी एक वाकडा कंद हातात धरून बसलो होतो. नांगराच्या फाळासारखा त्याचा आकार, त्यावर दोन ओळी जुळत होत्या. मी म्हटलं, "लिहिलंय उकडून खा म्हणून. बाकीचं उद्या वाचू." तिनं लाल फडक्यातले देवाचे समजून आधी उकडले. आमच्याकडे लाल कापड देवालाच बांधतात. शंकराला दाखवले आणि प्रसाद म्हणून स्वतः खाल्ले. गोल कंद तिनं मला दुसऱ्या दिवशी भाजी करायला म्हणून ठेवले. लाल चिंधी धुऊन दोरीवर वाळत घातली. चांगलं फडकं तिनं कधी टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओकत होती. चहा मीच केला आणि दुसरं पान उघडलं.

डॉक्टरच्या कानात मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, यावर उतारा नाही. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. तिला मी खरं सांगितलं. जगात फक्त तिला. ती म्हणाली, "गेणभाऊला कळवू नका. त्याला लई वाईट वाटंल." तिचं शेवटचं धड वाक्य तेच.

आणि मी काय केलं? अंगणात चिमाजी उभा, तिची सगळी माणसं उभी. चिमाजी म्हणाला, "दाजी, पत्रात काय लिहिलं नव्हतं?" माझ्या खिशात दोन्ही पानं होती. हात खिशात गेला आणि एकच पान बाहेर आलं. तेवढ्या एका क्षणाचं काम होतं. पुढं तेच जमादाराला दाखवलं. तेच तुला लिहिलं. वर तुला क्षमाही केली. ते पत्र लिहिताना मला रडू आलं होतं, स्वतःच्या मोठेपणाचं.

उरलेले तीन कंद लावले ते प्रायश्चित्त म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगतो, कोपरा रिकामा दिसत होता म्हणून लावले. ते दर भाद्रपदात फुलतात. डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे, सोनटक्का दिसत नाही, नेचे दिसत नाहीत, पण तो लाल रंग एवढ्या लांबून दिसतो.

दुसरं पान सोबत आहे. सात वर्षं वहीत होतं. एक कोपरा चहानं डागाळलाय, तो त्याच सकाळचा. हे पान आणि हे पत्र देवळात वाचून दाखव. ठाण्यात आणि चिमाजीकडे मी स्वतः जाऊन सांगणार आहे. क्षमा मागत नाही. ती कशी देतात ते मी तुला एकदा दाखवलंय.

चांगदेव


(सोबतचं पान)

पान दुसरं.

गुरुजी, आता हे नीट वाचा. पिशवीत गोल कंद हायेत ते खायाचे. लाल चिंधीत आठ वाकडे बांधलेत, ते खायाचे न्हाईत. ती कळलावी. लई जहर. आमच्याकडं ज्याला हात लावायचा न्हाई त्याला लाल चिंधी बांधत्यात. शौकतभाई जातच व्हता म्हनून आत्ताच धाडली, न्हाईतर पावसाच्या आदी धाडनार व्हतो. वैनींच्या कोपऱ्यासाठी हायेत. पिशवी उघडल्याबरुबर सवती काढा आन उंच ठेवा. मिरगाच्या आदी लावा. हुभी लावू नका, आडवी लावा, बोटभर खोल, काठीचा आधार द्या. भादव्यात फुलत्याल. वैनींना म्हनावं, गौरी आली की मला कळवा, मी बघायला येनार हाय.

गेणू


तळेघर,
५ मार्च २००३

गुरुजी,

हे एकच पान हाय. दुसरं लिवनार न्हाई. आजच्या आज वाचा, न्हाईतर कुनाकडनं तरी वाचून घ्या.

मला ठावं व्हतं. तुमी आडवं लावलं, बोटभर खोल, आसं लिवलं तवाच कळलं. ते म्या फकस्त दुसऱ्या पानावर लिवलं व्हतं. म्हटलं, गुरुजी हायेत, सोताहून सांगत्याल. येक साल वाट बघितली. मग दुसरं. अक्षर तुमी दिलं व्हतं, त्याच अक्षरानं तुमाला खोटं कसं पाडू, आसं वाटायचं. आता वाटतं, पाडायला पायजे व्हतं. वैनींच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी.

परवा शिवरातीला वृषालीनं देवळात तुमचं पत्र आन माझं दुसरं पान, दोनी वाचून दावलं. तिचा आवाज चांगला हाय. शौकतभाईला बोलावला व्हता, तो जुन्नरहून आला आन शेवटपोत्तर हुबा ऱ्हायला. मग रखमाजी उठला, काठी टेकत म्होरं आला आन हात पसरून म्हनला, "दे गेणभाऊ, तुझ्या हातचा कंद. आज त्याच्यावरच उपास सोडतो."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं कंदच नव्हता, गुरुजी. सहा साल खनलं न्हाई.

दुसऱ्या दिशी वृषालीला घेऊन रानात गेलो. जुन्या जागी खनलं. दोन कंद निघालं. एक तिच्या हातात द्यायला गेलो आन थांबलो. उलटासुलटा करून बघितला, सोलून बघितला, वास घेतला. ती म्हनली, "आज्या, हा खायाचा ना?" पैलं मी आंधारात हात लावून सांगायचो. सात साल लोकांनी माझ्या हाताकडं बघितलं, आता मीबी बघतो. मला खातरी देता आली न्हाई. दोनी परत मातीत घातलं आन घरी आलो.

पोरीला काय सांगू म्हनून इच्यारलं व्हतं, ते तुमी सांगितलंत. रान कोन सांगनार, ते आता कुनालाच इच्यारता येत न्हाई.

कळलावीचा वेल उपटू नका. वैनींनी मागितला व्हता.

गेणू